धुक्याच्या वरचा द्राक्षमळा

द्राक्षं म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे येतात ते नाशिक-सांगलीकडचे मांडव. पण मैत्रिणींनो, समुद्राकाठच्या गारठलेल्या डोंगरावरही द्राक्षमळे असतात बरं का! अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सोनोमा किनाऱ्यावर डेव्हिड हर्श यांनी १९७८ साली जमीन घेतली. झाडतोडीनं नि मेंढ्यांच्या चराईनं ती पार उजाड झालेली. १९८० साली तिथं त्यांनी द्राक्षं लावली. वाइनसाठी त्यांनी निवडलेली मुख्य जात म्हणजे पिनो न्वार, काळी नि पातळ सालीची.

तिथला पॅसिफिक महासागर ऐन उन्हाळ्यातही थंडगार. त्यामुळं खालच्या खोऱ्यांत धुकं दाटून बसतं. म्हणून मळा लावायचा तो उंच डोंगरमाथ्यावर, धुक्याच्या वर. तिथं ऊन मिळतं, वारा मात्र गारच!

आपल्याकडे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमाराची खरड छाटणी नि ऑक्टोबरची फळछाटणी. तिथं हिवाळ्यात वेल पानं गाळून चक्क झोपी जाते, म्हणून मुख्य छाटणी एकदाच. वसंतात फुटते, मे-जूनच्या सुमारास फुलते. नेमका तेव्हा गार वारा-पाऊस आला, तर फळच धरत नाही. वर्षाची कमाई आठ दिवसांत जाते! पुढं भुरीची धास्ती, पिकायला लागली की पाखरांची. आणि नव्या वेलीचं पहिलं पीक हाती यायलाच तीनेक वर्षं लागतात.

मग हा खटाटोप कशासाठी? तर गारव्यात फळ सावकाश पिकतं. कडक उन्हात द्राक्षात साखर भराभर चढते, पण आंबटपणा उतरतो. आमटीत चिंच कमी पडली की नुसता गूळच लागतो ना, तसंच. सावकाश पिकलेल्या फळात गोडी येते, आंबटपणा टिकतो आणि वासही छान राहतो.

शिवाय जवळूनच सॅन अँड्रियास हा भूकंपाचा मोठा तडा जातो. त्यामुळं एकाच उतारावर तऱ्हेतऱ्हेची माती. एका तुकड्यातले घड तयार, तर शेजारचे अजून आंबट. रोज फिरून, चाखून तोडणी ठरवायची.

बरीच वर्षं हर्श यांनी द्राक्षं इतरांनाच विकली; स्वतःची वाइन केली ती २००२ साली. २०१९ पासून ते काम त्यांची लेक जास्मिन बघते. कुठल्या तुकड्याची तोडणी कधी करायची, हे आता तीच ठरवते.