बोलके पुस्तक आणि मुलांचे वाचन

पोलादपुराहून आंबेनळीचा घाट चढून महाबळेश्वरास जाणाऱ्या प्रवाशास सावित्रीचे खोरे मोठे रमणीय दिसते. परंतु त्या उतारांवर विखुरलेल्या वाड्यांतील प्राथमिक शाळांचा संसार त्याच्या दृष्टीस क्वचितच पडतो. पट थोडा, इयत्ता चार-पाच, आणि सर्वांस मिळून बहुधा एक किंवा दोन गुरुजी! पहिलीस अक्षरे गिरवावयास लावावीत तर तिसरीचे वाचन राहते. तिसरीकडे वळावे तर पहिलीचे अडते. लेखन-वाचन शिकविण्याच्या कामी यंत्रांचे साहाय्य घ्यावे की नाही, या प्रश्नाचा विचार आम्ही अशा शाळेपासूनच आरंभू इच्छितो. कारण त्या साहाय्याची खरी निकड तेथेच आहे.

नव्या साधनाविषयी साशंक असणे ही आपली जुनीच रीत होय. गणपत कृष्णाजी यांनी इ. स. १८३१ मध्ये मुंबईस शिळाप्रेसवर पंचांग छापले, त्या काळी छापील पोथी सोवळ्यात चालेल काय, अशी शंका लोक घेत. धूळपाटी जाऊन दगडी पाटी आली, बोरू जाऊन टाक आला. विद्या मात्र राहिली. तेव्हा केवळ नवे म्हणून एखादे साधन त्याज्य ठरत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात घडले आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत श्री. रणजितसिंह डिसले हे २००९ साली शिक्षक म्हणून रुजू झाले. त्यांनी पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोडचे काळे-पांढरे चौकोन चिकटविले. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला की, त्या पाठाची ध्वनिफीत वा चित्रफीत उघडते. म्हणजे मुके पुस्तक बोलू लागते! पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे चौकोन आले. २०२० साली श्री. डिसले यांस दहा लक्ष डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली. हे औदार्यही ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

बोलक्या पुस्तकाचा लाभ उघड आहे. ‘चार’ आणि ‘चाक’ या शब्दांतील च निराळे. लिपीत मात्र चिन्ह एकच. हा भेद कानानेच कळावयाचा. ज्या मुलाची घरची बोली पुस्तकाहून वेगळी, त्यास तर असा आवाज पुनःपुन्हा ऐकावयास मिळणे हे मोठेच साहाय्य. शिवाय एक वर्ग ऐकण्यात गुंतला असता गुरुजींस दुसऱ्या वर्गातील अडखळणाऱ्या मुलाजवळ बसता येते. आमच्या मते यंत्राचे सर्वांत मोठे दान हेच: गुरुजींस लाभलेली ती पंधरा मिनिटे.

परंतु येथेच एक धोकाही दडलेला आहे. ध्वनिफीत ऐकून ऐकून मूल धडा मुखोद्गत करते आणि पुस्तकावर बोट फिरवीत घडाघडा म्हणते. पाहणाऱ्यास वाटते, वाचते आहे! ‘पाणिनीय शिक्षे’त अधम पाठकांचे सहा प्रकार सांगितले आहेत; त्यांत गाण्याच्या चालीवर वाचणारा आणि अर्थ न जाणता वाचणारा, हे दोन्ही आहेत. परीक्षा सोपी आहे. पानाच्या मधल्याच एका शब्दावर बोट ठेवून तो वाचावयास सांगावा. नंतर न ऐकलेल्या पुस्तकातील चार ओळी द्याव्यात. खरे-खोटे तत्काळ कळते.

लेखनाचेही तसेच. ‘सूर्य’, ‘चक्र’, ‘ट्रक’ आणि ‘वाऱ्या’ या शब्दांत एकाच रकाराची चार रूपे आहेत. कळफलकावर ती आयती मिळतात. ओळखता आली की पुरे. पाटीवर ती स्वतः घडवावी लागतात, आणि रफार कोणत्या अक्षरावर द्यावयाचा, याचा निर्णय हाताबरोबर बुद्धीसही करावा लागतो. म्हणून पडदा आला तरी पाटी आणि वही सोडू नये.

शिवाय सह्याद्रीतील पावसाळा कोणाचीच भीड धरीत नाही. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली, आणि आंबेनळीचा रस्ताही जागोजागी खचला. अशा दिवसांत वीज कसली आणि नेटवर्क कसले! तेथील शाळांकरिता पाठ आधीच उतरवून यंत्रात साठवून ठेवावेत, आणि छापील पुस्तक प्रत्येक मुलाच्या हाती असावेच.

गुरुजींवाचून किती अडते, याचा अनुभव महामारीने दिला. ‘असर’ या पाहणीप्रमाणे देशाच्या ग्रामीण भागात दुसरीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले २०१८ साली शेकडा २७ होती. शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ साली ती सुमारे २० भरली. शाळा पूर्ववत सुरू झाल्यावर, २०२४ साली, हा आकडा पुन्हा २७ वर आला. मधल्या काळात भ्रमणध्वनी पुष्कळ घरांत होता. चुकलेला शब्द ऐकून थांबविणारे माणूस मात्र जवळ नव्हते.

ते माणूस आपल्या एकत्र कुटुंबांत सहज मिळण्याजोगे आहे. आजोबांनी, आजींनी अथवा काकूंनी रोज दहा मिनिटे नातवंडाचे वाचन ऐकावे. अडले तेथे लगेच सांगू नये. क्षणभर वाट पाहावी. वाचून झाल्यावर अर्थ विचारावा, आणि त्यातील दोन वाक्ये वहीत लिहवून घ्यावीत. पुस्तक बोलू लागले आहे, ही आनंदाची गोष्ट. पण मूल वाचीत असता ते ऐकण्याचे काम अद्याप आपलेच आहे.