सायकल सहल आणि ऊर्जेचा जमाखर्च

पहाटे ठाण्याहून निघायचे, घोडबंदर रस्त्याने जाऊन वसईचा किल्ला पाहायचा आणि संध्याकाळी परत यायचे. चार मित्रांसाठी दिवसभराच्या सायकल सहलीचा हा छान बेत आहे. कासारवडवली मागे पडली की गायमुखचा चढ लागतो. डावीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल, उजवीकडे खाडी. चढ संपला की रस्ता चेणे गावाकडे उतरतो. या सहलीत आपल्याला सर्वांत जास्त कोण दमवते? बहुतेक जण म्हणतील, "चढ!" आपण हिशेबच करून पाहू.

चढाचा खर्च

समजा, सायकल, स्वार आणि सामान यांचे एकूण वस्तुमान ७५ किलोग्रॅम आणि चढाची उंची ५० मीटर आहे. मग वर जाण्यासाठी करावे लागणारे कार्य

७५ × ९.८ × ५० = ३६,७५० ज्यूल.

अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे चौथा हिस्साच आपले स्नायू कार्यात बदलतात. बाकीची उष्णता होते. म्हणूनच घाम येतो. तेव्हा अन्नातून याच्या चौपट, म्हणजे सुमारे ३५ किलोकॅलरी ऊर्जा खर्च होईल. एवढी ऊर्जा दीड-दोन ग्लुकोज बिस्किटांतून मिळते!

मग चढावर धाप का लागते? कारण ऊर्जा किती लागते याइतकेच ती किती वेळात पुरवायची यालाही महत्त्व आहे. हा चढ पाच मिनिटांत चढलात तर चढण्यासाठी सुमारे १२० वॅट शक्ती लागते. अडीच मिनिटांत चढलात तर २४५ वॅट. पहिली निरोगी मुलाला झेपेल, दुसरी मात्र लवकरच त्याचा दम काढील. गिअर असतील तर हलका गिअर टाकावा, म्हणजे तेच कार्य सावकाश होते. गिअर नसतील तर उतरून सायकल हातात धरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

वाऱ्याचा खर्च

सपाट रस्त्यावरचा मोठा खर्च हवेच्या रोधाचा. हा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ताशी १५ वरून ३० किलोमीटर केला की रोध चौपट होतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती आठपट!

आता त्यात वारा मिळवा. तुमचा वेग ताशी १५ किलोमीटर आणि समोरून ताशी १० किलोमीटर वेगाचा वारा असेल, तर हवा तुमच्यावर ताशी २५ किलोमीटर वेगाने आदळते. रोध सुमारे २.८ पट होतो. तोच वारा पाठीमागून असेल, तर रोध नवव्या हिश्श्यावर येतो. जाताना वारा समोरून आणि येताना पाठीमागून असला, तर दोन्हींची सरासरी सुमारे १.४ पट येते. म्हणजे जाताना झालेला तोटा येताना पूर्ण भरून निघत नाही.

ठाण्याहून चेण्याकडे जाताना आपण साधारण पश्चिमेकडे जातो. दिवस वर आला की जमीन तापते आणि समुद्रावरून पश्चिमेचे वारे सुरू होतात. म्हणून हा टप्पा पहाटे उरकावा. परतताना तेच वारे पाठीशी येतील.

लांबचा पल्ला वेगाने नव्हे, सातत्याने गाठला जातो. १९२३ साली मुंबईहून निघालेले अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर सायकल चालवून, जग फिरून, १९२८ साली परतले. रोजची सरासरी काढा: ती ४४ किलोमीटरच्या आसपास येते!

उताराचा धोका

चढाला दिलेली ऊर्जा उतारावर परत मिळते. घर्षण आणि हवा नसती, तर ५० मीटर उतरून आल्यावर वेग ताशी ११३ किलोमीटर झाला असता! सुदैवाने हवा बरीच ऊर्जा घेते. उरलेली ब्रेकमुळे उष्णतेत बदलते आणि रिम तापते.

ब्रेक दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद इतका वेग कमी करतो असे धरा. ताशी २० किलोमीटर वेगावरून थांबायला सुमारे ५ मीटर लागतात. ताशी ४० वरून सुमारे २१ मीटर. ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तर एकूण अंतर अनुक्रमे ११ आणि ३२ मीटर होते. तीव्र उतारावर ते आणखी वाढते. घोडबंदर रस्त्यावर अवजड वाहनांची सतत वर्दळ असते, तेव्हा ही २१ मीटरची तफावत जिवावरची ठरू शकते. म्हणून उताराच्या माथ्यावरच वेग आवरावा, मित्रांनी एकामागे एक आणि पुरेसे अंतर ठेवून उतरावे.

करून पाहा: शाळेच्या मोकळ्या मैदानावर एक खूण करा. बेताच्या वेगाने येऊन खुणेपाशी ब्रेक दाबा आणि थांबण्याचे अंतर मोजा. मग रिम पाण्याने ओली करून, तोच वेग ठेवून पुन्हा मोजा. दोन्ही आकडे वहीत टिपून ठेवा. पावसाळ्यात सहलीला निघण्यापूर्वी ते सर्व मित्रांना दाखवा.