'नंतर सांगते' नको!

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता 'पापा', 'बाबा', 'मामा' हे तीन शब्द म्हणून पाहा. ओठांची हालचाल तिन्ही वेळा सारखीच! म्हणजे 'बाबा आले' की 'मामा आले', हे नुसत्या ओठांवरून कळायची सोय नाही. 'क' आणि 'ग' तर घशाकडेच उमटतात, ओठांवर त्यांचा मागमूसही नसतो. तरी 'त्यांना ओठ वाचता येतात' असे म्हणून आपण निर्धास्त राहतो!

माझ्या आत्याला लहानपणापासून ऐकू येत नाही. तिच्यामुळे आमच्या घराला काही सवयी लागल्या. तिला हाक मारायची म्हणजे खांद्याला हलकेच हात लावायचा. लांब असेल तर दिव्याचे बटण एकदा चालू-बंद करायचे. आपल्या तोंडावर उजेड हवा, म्हणून खिडकीकडे पाठ करून बोलायचे नाही. तोंडात घास किंवा सुपारी नको. ओरडायचे तर मुळीच नाही. त्याने ओठ वेडेवाकडे होतात आणि चेहरा रागावल्यासारखा दिसतो. एखादे वाक्य कळले नाही, तर तेच दहादा न घोकता शब्द बदलून पाहायचे. औषधाची वेळ, पैशांचा आकडा, पत्ता मात्र कागदावरच.

खुणांची भाषा म्हणजे हातवारे करून केलेल्या नकला, हाही एक गैरसमज. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. त्यात प्रश्नाचा शब्द सहसा शेवटी येतो, भुवया आणि चेहराही अर्थ सांगतात. 2021 साली तिच्या शब्दकोशात 10,000 शब्द झाले. सोबत दुभाषा असला, तरी नजर आणि बोलणे त्या व्यक्तीकडेच हवे. 'यांना विचारा' म्हटले, की समोरचा माणूस वस्तू होऊन जातो.

खरी परीक्षा होते ती चार माणसे जमली की. एका लग्नघरी गप्पा रंगल्या होत्या. एकाएकी सगळ्यांचे चेहरे उतरले. आत्याने हातानेच विचारले, 'काय झाले?' शेजारची बाई म्हणाली, 'काही नाही, नंतर सांगते.' ते 'नंतर' आलेच नाही. आपली सख्खी बहीण इस्पितळात आहे, हे आत्याला दुसऱ्या दिवशी कळले, सगळ्यांच्या शेवटी.

ऐकू न येणे हे कानांचे दुखणे. पण घरात असून घराबाहेर राहणे, हे आपण दिलेले असते. आज जेवताना कोणी हसले, तर दोन ओळी लिहून ते हसू त्या पानापर्यंतही पोचवा. नंतर नव्हे, तेव्हाच.