पेशींचं वय (भाग ६) : बांधीतलं राबणं आणि पेशीतली टोकं

मागच्या आठवड्यात मी लिहिलं होतं की हालचालीने पेशी म्हाताऱ्या होण्याचा वेग कमी होतो. त्यावर अर्जुनी मोरगावकडच्या एका वाचकाने विचारलं, ‘‘आमच्या बाया जन्मभर बांधीत राबतात. मग पन्नाशीतच त्यांची कंबर का वाकते?’’ हा प्रश्न बाजूला ठेवून पुढे जाणं मला पटेना. आजचा भाग त्याच प्रश्नासाठी.

आधी पेशीत डोकावू. पेशी दुभंगते तेव्हा तिच्या गुणसूत्रांची नक्कल होते. ही नक्कल करणारी यंत्रणा टोकापर्यंत पोचू शकत नाही, कारण काम सुरू करायला तिला टेकण्यापुरती जागा लागते. रोवणी डोळ्यांसमोर आणा. डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी, उजव्या हाताने चिखलात एकेक रोप खोवत बाई मागे सरकत येते. शेवटी ती धुऱ्यावर चढते आणि स्वतःच्या पायाखालची जागाही लावून घेते. पेशीतल्या नक्कल करणाऱ्याला असा धुराच नाही. त्याच्या पायाखालचा तुकडा दर वेळी कोरा राहतो आणि गुणसूत्र तेवढं आखूड होतं.

कामाचा मजकूर कापला जाऊ नये म्हणून टोकाला एकच सहा अक्षरी क्रम हजारो वेळा लिहिलेला असतो. त्याला टेलोमिअर म्हणतात. झीज होते ती या राखीव भागाची. तो फार आखूड झाला की पेशी दुभंगायची थांबते. लिओनार्ड हेफ्लिक यांनी 1961 साली दाखवलं की माणसाची पेशी काचपात्रात साधारण 40 ते 60 वेळा दुभंगते आणि मग थांबते. थांबलेल्या अशा पेशी शरीरात साचल्या की आजूबाजूला दाह पसरवतात. सांधे, रक्तवाहिन्या, स्नायू यांचं म्हातारपण बरंचसं इथून सुरू होतं.

हे रहस्य उलगडलं ते तळ्यातल्या एका जिवाने. आपला गोंदिया जिल्हा मामा तलावांचा आणि बोड्यांचा, म्हणून मला त्याचं विशेष अप्रूप. टेट्राहायमेना हा गोड्या, साचलेल्या पाण्यात राहणारा एकपेशीय जीव. त्याच्यात इवल्या इवल्या गुणसूत्रांची इतकी गर्दी असते की अभ्यासाला टोकंच टोकं मिळतात. एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी त्यातच 1978 साली टोकाचा तो क्रम वाचला. पुढे त्यांची विद्यार्थिनी कॅरोल ग्रायडर हिला 1984 च्या नाताळच्या दिवशी, प्रयोगशाळेत एकटी असताना, झिजलेलं टोक पुन्हा जोडणाऱ्या विकराची पहिली खूण दिसली. ते टेलोमरेज. या दोघी आणि ब्लॅकबर्न यांचे सहसंशोधक जॅक शोस्टाक यांना 2009 चं नोबेल मिळालं.

आता हालचालीकडे येऊ. लंडनमध्ये 2,401 जुळ्या भावंडांच्या रक्ताचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. रिकाम्या वेळात भरपूर हालचाल करणाऱ्यांची टोकं बैठ्या माणसांपेक्षा लांब निघाली, साधारण दहा वर्षांनी तरुण माणसाची असावीत तितकी. पण एवढ्याने सिद्ध काही होत नाही, कारण धडधाकट माणूस आपसूकच जास्त हिंडतो. मला जास्त वजनदार वाटतो तो जर्मनीतला 2019 चा प्रयोग. बैठ्या पण निरोगी लोकांना सहा महिने, आठवड्यातून तीनदा, 45 मिनिटं व्यायाम दिला. सलग किंवा टप्प्याटप्प्याने धावणाऱ्यांच्या रक्तपेशींत टेलोमरेजचं काम दुपटीहून वाढलं, टोकंही लांबली. केवळ वजनयंत्रांवर व्यायाम करणाऱ्यांत तसं झालं नाही. स्नायूंना त्या व्यायामाचा फायदा असतो, तो वेगळा.

आता बांधीतल्या बाईकडे परत येऊ. कोपनहेगनमधल्या एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीत (2021) दिसलं की फुरसतीत हालचाल करणाऱ्यांना हृदयविकार आणि मृत्यूचा धोका कमी, पण कामावर अंगमेहनत करणाऱ्यांना तो जास्त. शरीर तेच आणि घामही तोच, तरी परिणाम उलटा. अभ्यासक याचं कारण असं मांडतात की व्यायाम थोडा वेळ चालतो, नाडी चढते आणि मग उतरते. पेशीला झीज भरून काढायची सवड मिळते. मजुरीत तासन्‌तास एकाच ढबीत वाकावं लागतं, नाडी दिवसभर चढलेली राहते आणि थांबायचं कधी ते आपल्या हातात नसतं.

त्यात काळजीची भर. ब्लॅकबर्न आणि मानसशास्त्रज्ञ एलिसा एपेल यांनी 2004 साली 58 मातांचा अभ्यास मांडला. दीर्घ आजारी मुलाची जितकी जास्त वर्षं सेवा, तितकी आईच्या पेशींतली टोकं आखूड. आता रोवणीच्या दिवसांतली बाई आठवा. पहाटे उठून चूल, मग दिवसभर घोटाभर चिखलात वाकून काम, संध्याकाळी पुन्हा चूल, भांडी, पाणी. तिच्या पेशींना मेहनत भरपूर मिळते, सवड मात्र मिळत नाही. माझ्या मते त्या वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर बरंचसं इथे आहे.

दुसऱ्या टोकाला विड्या वळणाऱ्या बाया आहेत. मांडीवर सूप, त्यात तेंदूपान आणि तंबाखू, आणि बैठक सकाळपासून संध्याकाळपर्यंत. गोंदिया शहरात दुकानाच्या गादीवर किंवा कार्यालयात खुर्चीवर दिवस काढणारे आपण त्यांच्याच पंगतीतले. आपल्याला हालचालच हवी. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतकं भरभर चालणं. विडी वळणारीने दर तासाला सूप खाली ठेवून अंगणात दोन फेऱ्या मारल्या तरी सुरुवात झाली.

रोवणी करणारीला ‘व्यायाम करा’ म्हणणं मात्र अन्यायाचं आहे. तिला अधूनमधून पाठ सरळ करायची मुभा हवी, दुपारी पोटभर जेवण हवं, रात्री पुरती झोप हवी. म्हणून वाचणाऱ्या पुरुषांना माझं कळकळीचं सांगणं आहे : येत्या रोवणीत संध्याकाळची चूल आणि पाणी तुम्ही उचला.