रोप लावणे आणि झाड जगविणे

बंगळूर नगरातील चामराजपेट ही वसाहत 1892 साली आखण्यात आली. अशा वसाहतींच्या रस्त्यांवर आढळणारी छाया ही केवळ निसर्गाची देणगी नव्हे. तीमागे मनुष्याचे श्रम असतात. 1908 ते 1932 या काळात लालबाग उद्यानाची धुरा वाहणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ क्रुंबिगल यांनी निरनिराळ्या ऋतूंत फुलणारे वृक्ष निवडून नगराला बारमाही बहर दिला. पुढे 1980 नंतरच्या दशकात वनाधिकारी सेतुराम नेगिनहाळ यांच्या देखरेखीखाली येथे सुमारे 15 लक्ष झाडे लावण्यात आली.

रोप लावणाऱ्या मजुराचे काम पावसापूर्वीच सुरू होते. उन्हाळ्यात खड्डे खणून ठेवले म्हणजे माती तापते व भुसभुशीत होते. पहिला दमदार पाऊस पडल्यावर लागवड करतात. रोपाची पिशवी फाडून काढावी लागते. तसे न केल्यास मुळे आतल्या आत गुंडाळली जातात व झाडास पुढे आधार मिळत नाही. मुळांवरील सूक्ष्म केस उन्हात अल्पावधीत सुकतात, म्हणून रोप उघडे ठेवीत नाहीत.

रानात सागाची रीत निराळी आहे. सुमारे वर्षभर वाढलेल्या रोपाचा शेंडा छाटून बोटभर खोड व वीतभर मूळ एवढेच ठेवतात. यास जडी म्हणतात. पाने नसल्यामुळे तिच्यातील पाणी उडून जात नाही आणि मुळात साठलेल्या अन्नावर नवा कोंब फुटतो. पहारीने भोक पाडून जडी रोवल्यावर सभोवतालची माती घट्ट दाबावी लागते. पोकळी राहिल्यास मुळास ओलावा मिळत नाही.

रस्त्यावरील रोपापुढे निराळे संकट असते. मुळांनाही श्वसनासाठी हवा लागते. पावलांनी दबलेल्या किंवा फरसबंदीखाली गेलेल्या मातीत हवा व पाणी शिरत नाही. यास्तव बुंध्याभोवती मोकळे आळे राखतात आणि गुरांपासून रक्षणासाठी कुंपण घालतात.

लावलेली रोपे मोजणे सोपे असते. तथापि लागवडीचे खरे यश पुढील दोन-तीन उन्हाळे पार करून जगलेल्या झाडांवरूनच ठरते. निंदणी, पाणी व राखण ही नित्याची कामे थांबली, तर खड्डा खणणाऱ्याचा घामही व्यर्थ जातो.