गोठ्याचं पाणी आणि चुलीचा गॅस

मुळशीत पाण्यावर बोलायचं म्हटलं की धरणापासून सुरुवात होते. मी आज गोठ्यापासून करतो. सकाळी दूध पुण्याकडे जातं, मग गोठा पाइपने धुतला जातो आणि शेणमुताचं पाणी ओढ्याला लागतं. ओढा मुळा नदीला मिळतो. म्हणजे दुधाच्या मागोमाग तेही पुण्याच्याच वाटेला लागतं!

या पाण्यातून चुलीला गॅस मिळू शकतो. बंद टाकीत, जिथे हवा पोचत नाही, तिथे जिवाणू शेण कुजवतात. त्यातून जो वायू निघतो त्यात साधारण ५५ ते ६० टक्के मिथेन असतो, आणि तो जळतो. उघड्या खड्ड्यात साचलेल्या शेणपाण्यातूनही मिथेन निघतोच, पण तो वातावरणात जातो. शंभर वर्षांचा हिशेब धरला, तर तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीसपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. तोच टाकीत अडवला तर भात शिजतो.

आता थोडं गणित करू. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. चार-पाच जनावरांचं रोजचं ५० किलो शेण धरा. २,००० लिटर, म्हणजे दोन घनमीटर गॅस झाला. चार-पाच माणसांचा स्वयंपाक त्यात होतो. शेणात तितकंच पाणी कालवायचं असतं. म्हणजे रोज १०० लिटर शेणकाला. तो ४० दिवस टाकीत राहायला हवा, म्हणून टाकी ४,००० लिटरची.

पण समजा, पाइप सोडून गोठा धुतला आणि २०० लिटर पाणी टाकीत गेलं. मग रोज २५० लिटर आत येणार, आणि तितकंच बाहेर पडणार. चाळीस दिवसांचा मुक्काम सोळा दिवसांवर आला! हे जिवाणू फार सावकाश वाढतात. वाढण्याआधीच ते वाहून जातात. शेण अर्धकच्चं बाहेर येतं, गॅस मंदावतो, आणि आपण म्हणतो, ‘प्लँट बिघडला.’ मुळशीच्या पावसात पागोळ्यांचं पाणी टाकीत शिरलं तरी हेच होतं.

उपाय साधा आहे. आधी फावड्याने शेण उचला, मग थोड्या पाण्यात गोठा धुवा. ते धुवण एका हौदात साठवा आणि शेण कालवायला चांगल्या पाण्याऐवजी तेच वापरा. मात्र फिनेलचं पाणी त्यात नको, त्याने जिवाणू मरतात. नुसतं गोमूत्रही फार नको, त्यातल्या अमोनियाने त्यांचं काम मंदावतं. उरलेलं धुवण शेतात द्या. बाहेर पडणारी स्लरी खत म्हणून भाताला, भाजीला चालते.

हे इतकं सोपं, तर मग प्लँट बंद का पडतात? मी तत्त्वज्ञान शिकवलं, म्हणून इथे थोडा थांबतो. ‘टाकाऊ’ हा वस्तूचा गुण नाही. त्या वस्तूशी आपण तोडलेलं नातं म्हणजे टाकाऊ. आणि नातं तुटलं की ती वस्तू हाताळणाराही आपल्याला खालचा वाटू लागतो. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी ही शिवाशिव मोडायला स्वतः मैला हाताळला, गोबर गॅसचे प्रयोग केले. आपल्याच जिल्ह्यात देहूला डॉ. मापुसकरांनी संडासालाच गॅसप्लँट जोडले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आणि ज्या सेनापती बापटांचं नाव मुळशी सत्याग्रहाशी कायमचं जोडलेलं आहे, ते पारनेरला हातात झाडू घेऊन रस्ते साफ करत. आपण सत्याग्रह लक्षात ठेवला, झाडू विसरलो.

प्लँट बसवायला अनुदान मिळतं. तो रोज चालवायला मिळत नाही. शेण कालवण्याचं काम बहुतेक घरांत सुनेच्या वाट्याला येतं, तेही पहाटे, स्वयंपाकाआधी. तिची कंबर धरली की दुसऱ्या दिवशी सिलिंडर लागतो आणि टाकीवर गवत उगवतं. म्हणून टाकी किती घनमीटरची घ्यायची हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, घरात कोण कोणत्या दिवशी शेण कालवणार? तो आज रात्री जेवताना, सगळे बसलेले असताना काढा. पुरुषांनी उत्तर दिल्याशिवाय ताटावरून उठू नये.