ठासणीची दारू आणि मोबाईलवरचा दुकानदार

दारव्ह्याच्या शिवारात रानडुकरे तुरीत शिरली, की आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक आठवते. परवाना असतो, बंदूकही असते; मिळत नाहीत त्या टोप्या आणि दारू. (डुकरावर बार टाकायला वनखात्याची परवानगी वेगळी, बरे का!) मग मोबाईलवर शोधाशोध होते. 'निम्मे पैसे आधी धाडा, माल घरपोच येईल,' असे कोणी म्हणाला, की समजावे, हा दुकानदार नव्हे. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दारूगोळा विकायलाही परवाना लागतो. खरा विक्रेता आधी तुमचा परवाना पाहतो, मगच माल देतो. आणि टपालाने स्फोटके पाठवायला तर बंदीच आहे. आमच्या परिचयातल्या एका शेतकऱ्याचे पैसे असेच गेले. लाजेने तो चार दिवस बोललाच नाही, आणि तेवढ्यात पैसे कुठल्या कुठे गेले. तुम्ही त्याच घटकेला १९३० वर फोन करा. रक्कम काढली गेली नसेल, तर खात्यातच अडवता येते.